भिंतीमागचे पाणी

दरड म्हटली की मराठी वाचकाला माळीण, तळिये, इर्शाळवाडी आठवते. बंगळुरूच्या पूर्वेचे महादेवपुरा पठारावर आहे. तिथे दरड कसली, असे वाटेल. पण 19 मे 2025 रोजी, रात्रीच्या मुसळधार पावसानंतर, तिथे एका कंपनीची कुंपणभिंत कोसळून कामावर आलेली सफाई कर्मचारी महिला दगावली. त्याआधी 29 जून 2019 रोजी पुण्याच्या कोंढव्यात मजुरांच्या झोपड्यांवर भिंत पडून 15 जण गेले होते. डोंगर नसला तरी कडे माणूसच उभे करतो: तळघरासाठी खोल खणतो, सखल प्लॉटवर भराव टाकतो आणि तो सारा भार एका भिंतीच्या भरवशावर सोडतो.

ही भिंत पडते ती बहुधा मागच्या पाण्याने. पावसाने मातीतल्या पोकळ्या भरल्या की पाण्याच्या दाबाने कणांची पकड सैल होते. एक मीटर खोल साचलेले पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर अर्धा टन रेटा देते. तीन मीटर साचले तर साडेचार टन. उंची तिप्पट, रेटा नऊपट, आणि मातीचा रेटा निराळाच. म्हणून संरक्षक भिंतीला पाणी झिरपून जाण्यासाठी छिद्रे आणि मागे खडीचा थर लागतो. साधी कुंपणभिंत असला भार पेलण्यासाठी बांधलेली नसते.

पाऊसच असाधारण होता, असा बचाव होतो. महाबळेश्वरला 22 जुलै 2021 च्या सुमारास 24 तासांत 590 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला; बंगळुरूत मे 2025 च्या त्या रात्री मात्र शंभराच्या थोडा पुढे. बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रे आणि चक्रीवादळे ऑक्टोबर ते डिसेंबरात इथवर पाऊस आणतात, हेही नवे नाही. येणार हे ठाऊक असलेल्या पावसाला अपघात म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की दोष बेकायदा बांधकामांचा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये बंगळुरूच्या बाबुसापाळ्यात पावसात कोसळलेली इमारत बेकायदा असल्याचे प्रशासनानेच सांगितले. हे खरेच, पण बेकायदा मजले सर्वांच्या डोळ्यांदेखत चढतात, म्हणजे तपासणीच झाली नाही, हाच त्याचा अर्थ. शिवाय बेळ्ळंदूर आणि वर्तूर तलावांकडे पाणी नेणारे राजकालुवे, म्हणजे पावसाचे मोठे नाले, जिथे बुजवले, तिथे ते पाणी भिंतींच्या पायाशीच मुरते. बंगळुरूतल्या सप्टेंबर 2022 च्या पुराने ही अडलेली वाट दाखवून दिली होती.

पावसाळ्याआधी नालेसफाई होते, तशीच खोदकामांच्या कडा आणि भरावाच्या भिंतींची तपासणी बंधनकारक हवी, आणि धोकादायक भिंतीखाली मजुरांच्या झोपड्यांना सक्त मनाई हवी. छिद्रे आणि खडीचा खर्च बिल्डरच्या हिशेबात किरकोळ असतो; ती नसली तर किंमत मोजतो तो भिंतीच्या पलीकडे झोपलेला माणूस.