गाणारे व्हायोलिन

परदेशातून आलेल्या व्हायोलिनने मराठी रसिकमनात घर केले, त्यात पं. डी. के. दातार (१९३२–२०१८) यांचा वाटा मोठा आहे. समीक्षकांनी त्यांच्या वादनात सर्वाधिक वाखाणली ती गायकी. पं. डी. व्ही. पलुस्करांच्या गाण्याला साथ करता करता ती त्यांच्या हातात उतरली. पलुस्कर १९५५ मध्ये अकाली गेले. गाणे मात्र शिष्याच्या तारांवर राहिले. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांना हा धाक परिचित आहे. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९९५) व पद्मश्री (२००४) हे सन्मान त्यांना लाभले. तथापि, ऐकताना वाद्याचा विसर पडावा, हीच खरी दाद! इतवाऱ्यातील रसिकांनी त्यांची ध्वनिमुद्रणे अवश्य ऐकावीत.