म्हाताऱ्या कुत्र्याला अचानक भोवळ: लकवा, की आणखी काही?

आपल्या मंडळातील पुष्कळ घरांत दहा-बारा वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टाखातर कुत्रा आला. मुले कॉलेजला गेली, नोकरीला लागली. कुत्रा मात्र घरीच राहिला आणि आता म्हातारा झाला आहे. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जाती सात-आठ वर्षांपासूनच वयस्कर गणल्या जातात, लहान जाती दहाच्या पुढे. गुडघे दुखणे, दिसायला-ऐकायला कमी येणे या गोष्टींची मालकांना सवय होते. पण एखाद्या सकाळी कुत्रा उठायला जातो आणि कोलमडतो, मान एका बाजूला कलते, डोळे थरथरतात, समोर उभे असलेले माणूसही त्याला उमगत नाही असे वाटते. घरात पहिला उद्गार निघतो, "अरे, याला लकवा मारला!" आणि दुसरा, "आता त्याचे हाल नकोत."

या दोन उद्गारांमध्येच बऱ्याचदा घाई होते. कारण असे दिसणारे सगळेच स्ट्रोक नसतात, आणि त्यातला एक अगदी सर्रास आढळणारा आजार दोन-तीन आठवड्यांत बहुतांशी बरा होतो. उलट काही घरांत दुसरे टोक गाठले जाते. "वय झालं, चालायचंच" म्हणून दोन दिवस वाट पाहिली जाते, आणि त्यात उपचाराची वेळ निघून जाते. या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग कसा ओळखावा, हे समजून घेऊ.

पहिला प्रश्न: अचानक की हळूहळू?

ही एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी निम्मे काम होते. म्हातारपणचा विसराळूपणा हळूहळू, महिनोन्‌महिने वाढत जातो. कुत्रा कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर पडायला बघतो, रात्रभर फिरतो आणि दिवसा झोपतो, इतकी वर्षे कधी केली नाही अशी घाण घरात करतो. माणसांतल्या अल्झायमरशी साम्य असलेला हा मेंदूचा आजार आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या २००१ सालच्या पाहणीत ११ ते १२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत आणि १५ ते १६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत यांपैकी निदान एका प्रकारचे लक्षण आढळले होते. त्यावर सेलेजिलीन हे औषध, खास आहार आणि ठरलेली दिनचर्या यांचा काहींना उपयोग होतो. त्यासाठी नेहमीच्या व्हेटची साधी अपॉइंटमेंट पुरे.

पण काल संध्याकाळपर्यंत ठीक असलेला कुत्रा आज एकाएकी गोंधळला, तर ते म्हातारपण नव्हे. म्हातारपण एका रात्रीत येत नाही. अशा वेळी त्याच दिवशी फोन करायचा.

तोल जाण्याचा आजार

आपल्याप्रमाणेच कुत्र्याचाही तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत असते. वयस्कर कुत्र्यांत ही यंत्रणा काही वेळा, कोणतेही कारण न सापडता, अचानक बिघडते. इंग्रजीत याला व्हेस्टिब्युलर आजार म्हणतात. मान एकीकडे कलते, कुत्रा त्याच बाजूला झुकतो, पडतो किंवा गोल फिरतो, आणि बुबुळे डावी-उजवीकडे झटके देत राहतात. गलबतात बसल्यासारखे सारे जग फिरत असल्याने त्याला मळमळते, उलट्या होतात, खाणे नकोसे होते. दृश्य इतके भयानक असते की पाहणाऱ्याला स्ट्रोकच वाटतो.

मात्र हा कुत्रा शुद्धीवर असतो. हाक मारली की कान टवकारतो, घाबरलेला असला तरी आपल्याला ओळखतो. त्याच्या पायांतली ताकद गेलेली नसते, फक्त तोल गेलेला असतो. पहिले एक-दोन दिवस सर्वांत वाईट. साधारण ७२ तासांत उतार पडू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री पूर्ववत चालू लागतात. काहींची मान थोडी कललेली राहते, पण त्याने त्यांचे काही अडत नाही.

कानातला खोलवरचा संसर्ग, थायरॉईड कमी पडणे, किंवा मेट्रोनिडॅझोल नावाचे जुलाबावरचे औषध जास्त प्रमाणात वा दीर्घकाळ दिले जाणे, यांमुळेही हुबेहूब असेच दिसते. म्हणून "आपोआप बरे होईल" असे घरी ठरवून चालत नाही. व्हेटने कान पाहणे आणि चालू असलेली सर्व औषधे त्यांना सांगणे आवश्यक आहे.

खरा स्ट्रोक

कुत्र्यांना स्ट्रोक होत नाही असे एके काळी मानले जाई. एमआरआयची सोय वाढली तसे लक्षात आले की होतो, पण माणसांच्या मानाने कमी. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीने अडतो किंवा रक्तवाहिनी फुटते. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि ग्रेहाउंड या जातींत तो अधिक आढळतो. मूत्रपिंडाचा आजार, उच्च रक्तदाब, कुशिंगचा आजार, मधुमेह, थायरॉईड, हृदयविकार ही त्यामागची नेहमीची कारणे. पण कितीतरी वेळा कारण मिळत नाही.

माणसाचे तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते, ती खूण कुत्र्यात शोधत बसू नये. त्याऐवजी या गोष्टी पाहाव्यात:

• कुत्रा गुंगीत आहे, हाकेला दाद देत नाही.
• एका बाजूचे पाय लुळे पडले आहेत, किंवा पंजा उलटा दुमडून चालतो. पंजा उलटा ठेवला की निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. व्हेट हीच परीक्षा करतात.
• बुबुळे आडवी न हलता वर-खाली हलतात.
• एकाएकी दिसेनासे झाले आहे, किंवा फिट आली आहे.

यांपैकी काहीही दिसले तर बिघाड कानात नसून मेंदूत असण्याची शक्यता वाढते. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता सरळ इमर्जन्सी गाठावी.

माणसांना देतात तसे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कुत्र्यांना सहसा दिले जात नाही. उपचाराचा भर रक्तदाब, सूज, पाणी आणि मूळ आजार सांभाळण्यावर असतो. स्ट्रोकची लक्षणे बहुधा पहिल्या दिवसानंतर वाढत नाहीत, आणि पुष्कळ कुत्री काही आठवड्यांत बऱ्यापैकी सावरतात. लक्षणे दिवसेंदिवस वाढतच गेली तर मेंदूतील गाठ किंवा सूज यांचा विचार करावा लागतो.

सोंगे आणखीही आहेत

*फिट:* हातपाय ताठ होऊन झटके येतात, लाळ गळते, लघवी होते. एक-दोन मिनिटांत थांबते, पण नंतर तासभर किंवा अधिक वेळ कुत्रा भ्रमिष्टासारखा फिरतो. झटके पाच मिनिटांहून जास्त चालले किंवा एका दिवसात दोन-तीन वेळा आले, तर तातडीने न्यावे.

*हृदय:* कुत्रा एकदम कोसळतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि मिनिटभरात काही झालेच नाही असा उठतो. तो उठला तरी तपासणी हवीच.

*साखर:* इन्सुलिन घेणाऱ्या कुत्र्याने जेवण टाळले तर साखर घसरते आणि तो झिंगल्यासारखा वागतो. शुद्धीवर असेल तर हिरड्यांना थोडे कॉर्न सिरप किंवा मध चोळून निघावे.

*विष:* बिनसाखरेच्या च्युइंगममधील झायलिटॉलने साखर झपाट्याने खाली येते. गॅरेजमध्ये सांडलेले अँटिफ्रीझ चवीला गोड. ते चाटल्यावर कुत्रा प्रथम दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, मग बरा वाटतो, आणि मागाहून मूत्रपिंडे निकामी होतात. त्यावर उतारा आहे, पण तो काही तासांतच द्यावा लागतो. गांजा घातलेली ब्राउनी फिरताना उचलून खाल्ली असेल तर कुत्रा डुलतो, दचकतो, लघवी थेंब थेंब गळते. डॉक्टरला खरे काय ते सांगावे, संकोच करू नये. एएसपीसीए या संस्थेचे विषबाधा केंद्र चोवीस तास चालते: ८८८-४२६-४४३५. सल्ल्यासाठी फी पडू शकते.

घरी काय करावे, काय करू नये

प्रथम वेळ लिहून ठेवावी आणि फोनवर अर्ध्या मिनिटाची फिल्म घ्यावी. दवाखान्यात पोचेपर्यंत लक्षणे बदलतात; बुबुळांची हालचाल आणि चाल दिसणारी फिल्म डॉक्टरला शंभर वाक्यांपेक्षा उपयोगी पडते. हिरड्यांचा रंग पाहावा: गुलाबी ठीक, पांढऱ्या किंवा निळसर असल्यास धावपळ करावी. जिन्याचे दार बंद करावे. लाकडी फरशीवर रग किंवा योगाची मॅट अंथरावी. उभे करताना पोटाखालून जुना टॉवेल किंवा ओढणी घालून आधार द्यावा.

कुत्रा गुंगीत असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नये, ते फुप्फुसात जाते. फिट चालू असताना तोंडात हात किंवा चमचा घालू नये. आपल्याकडे फिट आलेल्या माणसाला कांदा हुंगवण्याची पद्धत आहे; इथे तिचा उपयोग नाही, आणि कांदा पोटात गेला तर कुत्र्याला तो विषारी आहे.

सर्वांत महत्त्वाचे, आपल्या कपाटातील औषध देऊ नये. अ‍ॅस्पिरिनने रक्त पातळ होते हे खरे; पण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तेच घातक ठरते. टायलेनॉल, आयबुप्रोफेन किंवा भारतातून आणलेली क्रोसिन, काहीही नको.

खर्चाचा विचार

इमर्जन्सी दवाखान्यात खर्चाचा लेखी अंदाज आधी मागावा. तो मागण्यात कमीपणा नाही, इथे तशी रीतच आहे. कान, डोळे व मज्जातंतूंची तपासणी, पायाला किंवा शेपटीला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब, रक्त आणि लघवी या चाचण्या आधी होतात आणि त्यांतून बरेच कळते. एमआरआयसाठी पूर्ण भूल द्यावी लागते आणि खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो. म्हणून स्पष्ट विचारावे: "बिघाड कानाचा वाटतो की मेंदूचा? एमआरआयने उपचारात काय बदल होईल? दोन-तीन दिवस थांबून पाहिले तर धोका काय?" कानाचा बिघाड वाटत असेल तर पुष्कळ डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतात.

विमा असल्यास बहुतेक कंपन्या आधी आपल्याला बिल भरायला लावतात आणि मग परतफेड करतात. आधीपासून असलेला आजार धरला जात नाही, आणि पॉलिसी घेतल्यावर काही दिवस थांबावे लागते. म्हणजे भोवळ आल्यावर घेतलेला विमा त्या भोवळीला उपयोगी नाही. दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याला नवा विमा महाग पडतो. त्यापेक्षा दरमहा थोडी रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाकणे कित्येकांना सोयीचे होईल. वैद्यकीय खर्चासाठीच्या "बिनव्याजी" क्रेडिट कार्डाची अट नीट वाचावी: मुदतीत पूर्ण रक्कम फिटली नाही तर पहिल्या दिवसापासूनचे व्याज लागू शकते. घरच्या कुत्र्याचा खर्च टॅक्समध्ये वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि एचएसए किंवा एफएसएमधूनही करता येत नाही. अपवाद फक्त अंध वा अपंग व्यक्तीच्या मदतनीस कुत्र्याचा.

निर्णय पहिल्या रात्री नको

कुत्र्याला कायमचे झोपवण्याचा विषय निघाला तर डॉक्टरला विचारावे, "हा निर्णय आजच घेण्यासारखी स्थिती आहे का?" श्वास अडत असेल, फिट थांबत नसेल, तर उत्तर कदाचित "हो" असेल आणि ते मानावे. पण केवळ तो उठत नाही, मान वाकडी आहे, उलट्या होतात एवढ्यावरून पहिल्याच रात्री ठरवू नये. मळमळ थांबवण्याचे औषध घेऊन तीन दिवस दिले, तर चित्र पुष्कळदा पालटलेले दिसते. कॉलेजात असलेल्या मुलांनाही फोन करावा. तो कुत्रा मुळात त्यांचा असतो.

आई-बाबा एकटे घरी असतील तर

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा दिवसभर घरी असतात आणि कुत्राही त्यांच्याच पायाशी असतो. त्यांना गाडी चालवता येत नाही, फोनवरचे इंग्रजी उमगत नाही. डिसेंबरात आपण भारतात जातो तेव्हा कुत्रा शेजाऱ्यांकडे असतो. दोन्ही वेळांसाठी फ्रीजवर एक चिठ्ठी लावावी, एक मराठीत आणि एक इंग्रजीत. त्यात लिहावे:

१. नेहमीच्या व्हेटचा आणि जवळच्या चोवीस तास उघड्या दवाखान्याचा फोन व पत्ता.
२. गाडीने नेऊ शकतील अशा दोन शेजाऱ्यांची किंवा मंडळातील मित्रांची नावे.
३. कुत्र्याचे वय, वजन, चालू औषधे, जुने आजार.
४. "पडला, मान वाकडी झाली, झटके आले, किंवा ओळखेनासा झाला, तर लगेच आम्हाला फोन. तोंडात काही घालू नका."
५. आपण परदेशी असल्यास किती रकमेपर्यंत उपचार करावेत, याची सहीनिशी परवानगी. हिची एक प्रत व्हेटकडेही द्यावी.

चिठ्ठी लिहायला दहा मिनिटे लागतात. या शनिवारी ती लिहून टाकावी, आणि चोवीस तास उघडा दवाखाना नेमका कुठे आहे, हे एकदा दिवसाउजेडी गाडी नेऊन पाहून यावे.