जात्याची घरघर आणि कॅसेटची खरखर

तुमच्याही माळ्यावर कॅसेटचा एखादा डबा धूळ खात पडला असेल. दिवाळीच्या साफसफाईत आमचा खाली आला. नाट्यगीतं, कीर्तनं, सिनेमाची गाणी आणि त्यांत एका कॅसेटवर निळ्या शाईने लिहिलेलं, ‘आईच्या ओव्या, १९८७’. सासूबाईंनी ती पदराने पुसली. म्हणाल्या, “अगं, माझ्या आईचा आवाज एवढाच उरलाय.”

मामेसासऱ्यांनी दुबईहून आणलेला छोटा टेपरेकॉर्डर अजून चालतो. त्यावर लावली, तर आधी नुसती खरखर, मग ओव्या, मध्येच सूर हेलकावे खाणारा. हे म्हणाले, “डिजिटल करून घेऊ, स्वच्छ होईल.” एका दुकानात दिली. चार दिवसांनी फाइल मिळाली. लेकीच्या म्युझिक प्लेअरवर ती घालून सासूबाईंच्या कानाला हेडफोन लावला. खरखर नावाला नव्हती! पण सासूबाईंचा चेहरा उतरला. “ही आई नव्हे गं. विहिरीतून कुणी बोलल्यासारखं वाटतंय. आणि जातं कुठे गेलं?”

मग मी हट्टालाच पेटले. दोन्हींत चांगला आवाज कुणाचा, हे समजून घ्यायचंच!

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली ती मुळात बोलणं टिपण्यासाठी. तिची फीत चार मिलिमीटरही रुंद नसते आणि सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते. फितीवर लोहाच्या संयुगाचे बारीक कण असतात. आवाज त्यांच्या चुंबकत्वात साठतो आणि त्या कणांचीच ती खरखर. आतला रबरी पट्टा सैल झाला की सूर हलतो. हेडवर मळ बसला की ‘स’, ‘श’ आणि टाळांची किणकिण दबते.

डिजिटलमध्ये फीत नाही, की झीज नाही. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद होते. खरखर नाही, सूर ढळत नाही. मात्र जागा वाचवायला फाइल फार आवळली, तर बारकावे गळतात. एमपी३ फाइल ३२० केबीपीएसची असेल तर उत्तम. ६४ ची असेल तर गाणं पोचट वाटतं.

शाळेत सातवीच्या मुलांना एकच गाणं दोन्हींवर ऐकवलं. कॅसेट सुरू होताच एकीने विचारलं, “बाई, बाहेर पाऊस पडतोय का?” लहानांचे कान बारीक आवाज आपल्यापेक्षा जास्त टिपतात. तेव्हा बाजारातल्या गाण्यांपुरता निकाल सरळ आहे: चांगली डिजिटल फाइल कॅसेटला सहज मागे टाकते.

मग आमच्या ओव्यांचं काय बिघडलं? दुकानदाराने हौसेने ‘साफ’ केल्या होत्या. खरखर काढणारा प्रोग्रॅम एकसारखा चाललेला आवाज म्हणजे कचरा, असं धरतो. जात्याची घरघर एकसारखीच की! ती गेली आणि जाताना आजींच्या आवाजाचा पोतही घेऊन गेली. शिवाय फाइलही फार आवळलेली. दोष डिजिटलचा नव्हता, नको तिथे झाडू फिरवल्याचा होता.

दुसऱ्यांदा आम्ही घरीच केलं. तुम्हालाही जमेल:

• फितीवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट लावूच नका, जाणकाराकडे द्या.

• कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही बोटभर नसलेली प्लॅस्टिकची पातं मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही.

• टेपरेकॉर्डरचं हेड कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि वाळू द्या.

• आधी साधं गाणं लावून यंत्र फीत गिळत नाही ना, ते पाहा. आमच्या यंत्राने गिळली, पेन्सिलीने गुंडाळली. बरं, ओव्यांची नव्हती!

• कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे नेऊन परत मागे घ्या.

• मोबाइल स्पीकरसमोर धरू नका. हेडफोनच्या भोकातून वायर थेट संगणकाला जोडा.

• डब्ल्यूएव्ही प्रकारची फाइल ठेवा. तासाला साधारण ६०० एमबी लागतात, लागू द्यात. प्रत दोन ठिकाणी ठेवा.

• साफसफाई करायचीच तर वेगळ्या प्रतीवर आणि बेताने.

नवी फाइल सासूबाईंनी डोळे मिटून ऐकली. खरखर होती, पण घरघरही होती, बांगड्या होत्या आणि मागे कुठेतरी एक तान्हं पोर टाहो फोडत होतं. सासूबाई हसल्या, “हा तुझाच नवरा! आईला दळूसुद्धा देईना.”

कॅसेट आता कपाटात उभी ठेवली आहे, ओल आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब. तुमचाही डबा या रविवारी खाली काढा. फीत जुनी होतेय, आणि आवाज ओळखणारी माणसंही.