विपणन ईमेलची सुगम्यता

विपणन ईमेलची सुगम्यता म्हणजे वस्तू, सेवा, सवलती किंवा कार्यक्रम यांची माहिती देणाऱ्या ईमेलची रचना अशी करणे, की दिव्यांग व्यक्तींनाही त्या दुसऱ्याच्या मदतीशिवाय वाचता, समजता व वापरता याव्यात. दृष्टी, श्रवण, हालचाल आणि आकलन यांसंबंधीच्या अडचणींचा विचार यात केला जातो. वयोमानाने दृष्टी मंदावलेल्या वाचकांनाही अशा रचनेचा लाभ होतो.

पार्श्वभूमी

अंध व्यक्ती संगणक व मोबाइल वापरताना स्क्रीन रीडर या प्रणालीचे साहाय्य घेतात. विंडोजवरील एनव्हीडीए ही मुक्तस्रोत प्रणाली, अँड्रॉइडवरील टॉकबॅक आणि ॲपलच्या उपकरणांवरील व्हॉइसओव्हर ही तिची परिचित उदाहरणे होत. ही प्रणाली पडद्यावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखवते किंवा ब्रेल उपकरणावर उमटवते.

अनेक जाहिराती एकाच मोठ्या चित्राच्या रूपात पाठवल्या जातात. पाहणाऱ्याला त्यात सवलतीची टक्केवारी, मुदत व दुकानाचा पत्ता दिसतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला मात्र बहुधा ‘चित्र’ एवढाच शब्द किंवा फाइलचे निरर्थक नाव ऐकू येते. यादीतून नाव वगळण्याचा दुवाही फिकट व बारीक अक्षरांत असेल किंवा चित्रातच दडलेला असेल, तर नको असलेली ईमेल थांबवण्याचा मार्गही त्याच्यासाठी बंद होतो.

मानके

वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेने संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी ‘डब्ल्यूसीएजी’ ही मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, २.० ही आवृत्ती २००८ मध्ये आणि २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आशय जाणवण्याजोगा, हाताळण्याजोगा, समजण्याजोगा आणि तांत्रिकदृष्ट्या भक्कम असावा, ही त्यांची चार सूत्रे आहेत. ए, एए आणि एएए असे पूर्ततेचे तीन स्तर असून व्यवहारात सहसा एए हा स्तर अपेक्षित धरला जातो. ही तत्त्वे ईमेललाही लागू करता येतात.

रचनेतील प्रमुख बाबी

पर्यायी मजकूर : अर्थपूर्ण चित्राला त्याचा आशय सांगणारा मजकूर जोडावा. केवळ शोभेच्या चित्राचा पर्यायी मजकूर रिकामा ठेवावा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो. महत्त्वाची माहिती केवळ चित्रात ठेवू नये. चित्रे दाखवणे बंद ठेवणाऱ्या वाचकांनाही त्यामुळे ती मिळते.

रंगभेद : एए स्तरानुसार सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांतील तफावतीचे गुणोत्तर किमान ४.५:१, तर मोठ्या अक्षरांसाठी ३:१ असावे लागते. केवळ रंगाने अर्थ सुचवू नये. ‘लाल रंगातील वस्तूंवर सूट’ ही सूचना रंगांधळ्या वाचकाला निरुपयोगी ठरते.

दुवे व बटणे : स्क्रीन रीडर वापरणारे अनेक जण दुव्यांची स्वतंत्र यादी ऐकतात. त्या यादीत ‘येथे क्लिक करा’ हे शब्द पाच वेळा आले तर काहीच उलगडा होत नाही. ‘वेळापत्रक पाहा’ यांसारखा मजकूर स्वयंस्पष्ट असतो. हात थरथरणाऱ्या व्यक्तींसाठी बटणे पुरेशी मोठी असावीत. एए स्तरावर, काही अपवाद वगळता, २४ × २४ पिक्सेल हे किमान माप आहे.

मांडणी : शीर्षके केवळ ठळक अक्षरांनी न दाखवता संहितेत शीर्षक म्हणूनच नोंदवावी लागतात. ईमेलमध्ये रचनेसाठी तक्ते वापरण्याची प्रथा अद्याप आहे. असा तक्ता केवळ मांडणीसाठी असल्याची नोंद संहितेत नसेल, तर ओळी व स्तंभ यांचे अनावश्यक उल्लेख ऐकावे लागतात.

हलती चित्रे व चित्रफिती : एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा होणारी उघडझाप अपस्माराच्या काही रुग्णांना झटका आणू शकते. चित्रफितीला कर्णबधिर प्रेक्षकांसाठी मथळे द्यावेत.

मराठी ईमेल

मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्याने केवळ अक्षरांवरून उच्चारपद्धती ठरत नाही. त्यासाठी ईमेलच्या संहितेत मराठी भाषेचा संकेत नोंदवावा लागतो. मजकूर युनिकोडमध्ये असणेही आवश्यक आहे. जुन्या, युनिकोडेतर टंकांत संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हे साठवतो. पडद्यावर मराठी दिसत असले, तरी ऐकणाऱ्याच्या कानी अर्थहीन ध्वनी पडतात.

कायदेशीर स्थिती

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य स्वरूपात उपलब्ध करण्याबाबत तरतूद आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारसवजा न ठेवता बंधनकारक करण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानली. हे दोन्ही निकाल विशेषत्वाने ईमेलविषयी नव्हते. युरोपीय संघात युरोपीय सुगम्यता कायद्याच्या तरतुदी २८ जून २०२५ पासून लागू झाल्या.

तपासणी

ईमेल पाठवण्यापूर्वी चित्रे बंद करून, माऊसऐवजी केवळ कळफलक वापरून, अक्षरे २०० टक्के मोठी करून आणि स्क्रीन रीडरवर ऐकून ती तपासता येते. स्वयंचलित साधने पर्यायी मजकूर आहे की नाही हे सांगतात. तो अर्थपूर्ण आहे की नाही, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. म्हणून या तपासणीत दिव्यांग वाचकांचा प्रत्यक्ष सहभाग महत्त्वाचा ठरतो.