भूल उतरल्यानंतरची इच्छा

परळीत म्हातारं माणूस न्हाणीत घसरलं आणि खुब्याचं हाड मोडलं, की घरचे बहुधा अंबाजोगाईची वाट धरतात. पंचवीसेक किलोमीटरवर स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. अवघा परिसर त्याला 'स्वाराती' म्हणतो. समजा, अशा एका आजीचा कर्करोग आधीच अंगभर पसरलाय. "जीव चालला तर जाऊ द्या, छाती दाबू नका, नळ्या घालू नका," असं तिनं मुलांना बजावून ठेवलंय. तरीही खुब्याची शस्त्रक्रिया तिला हवीय, कारण कूस बदलतानाच्या कळा सोसवत नाहीत. मरण लांबवायचं नाही, पण उरलेले दिवस विव्हळत काढायचे नाहीत, इतकंच तिचं मागणं.

पेच पडतो तो ऑपरेशन थिएटरच्या दारात. भुलेनं रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. पूर्ण भूल दिली तर बहुतेक वेळा घशात नळी घालून श्वास यंत्रावर चालवावा लागतो. आजीनं जे नाकारलं, त्यातलं काही तिथलं रोजचं काम आहे. शिवाय टेबलावर हृदय थांबलं, तर त्यामागे अनेकदा औषधाचा परिणाम किंवा रक्तस्राव असतो. भूलतज्ज्ञ समोरच असतो, आणि रुग्ण परत येण्याची शक्यता वॉर्डातल्यापेक्षा बरीच जास्त असते. म्हणून थिएटरात शिरताच डीएनआर, म्हणजे हृदय थांबल्यास ते पुन्हा चालू करू नये ही सूचना, आपोआप रद्द धरायची रूढी पडली.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं 1993 मध्ये ही रूढी नाकारली. रुग्णाशी आधी नव्याने बोला, असं तिचं सांगणं. सूचना शस्त्रक्रियेपुरती बाजूला ठेवायची, की नळी चालेल पण छाती दाबायची नाही असे ठरावीक उपाय वगळायचे, की रुग्णाला काय साधायचंय हे समजून निर्णय डॉक्टरांवर सोपवायचा, हे त्या बोलण्यात ठरतं. आणि सूचना पुन्हा कधी लागू होणार, तेही तेव्हाच लिहून ठेवायचं. मला हाच मुद्दा कळीचा वाटतो. भूल उतरली, रुग्ण वॉर्डात आला, तरी बाजूला ठेवलेली सूचना कुणी परत आणली नाही, तर चौथ्या रात्री आजीच्या छातीवर नेमकं तेच होईल, जे तिला नको होतं.

आपल्याकडे हा विचार उशिरा रुजला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 मध्ये हल्ला झाला. 2015 पर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना काय हवं होतं, हे सांगणारा कागद नव्हता. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा कागदाला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. 2023 मध्ये प्रक्रिया सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. मात्र ते अमलात आणायला डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते, आणि हृदय थांबल्यावर मंडळ बसवायला वेळ नसतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2020 ची डीएनआरविषयक मार्गदर्शक तत्त्वं इथे उपयोगी पडतात. ती उपचार करणारे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या संवादावर उभी आहेत. सूचना दिली म्हणून बाकीचे उपचार थांबत नाहीत, हेही ती स्पष्ट करतात.

तेव्हा घरात असा रुग्ण असेल, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी भूलतज्ज्ञांची भेट मागा. रुग्ण शुद्धीत असेल तर त्यालाच बोलू द्या. काय करायचं, काय नाही, आणि भूल उतरल्यावर कुठल्या वेळेपासून सूचना पुन्हा लागू होईल, हे केसपेपरवर लिहून घ्या.