श्वानाचा आहार: पोळी-दुधापलीकडची गरज

नेदरलँड्समधील अनेक मराठी घरांत श्वान हा कुटुंबाचाच घटक असतो. त्याच्या ताटलीत पुष्कळदा घरातीलच अन्न पडते: दूध-पोळी, दहीभात, कधी उकडलेले अंडे. यामागे माया असते. मात्र श्वानाच्या शरीराचे गणित माणसाहून वेगळे आहे. त्यातील दोन महत्त्वाच्या बाबी उत्रेख्त विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनीच उलगडल्या आहेत.

पहिली बाब ‘ड’ जीवनसत्त्वाची. माणसाची त्वचा सूर्यप्रकाशात ते तयार करते. श्वानाच्या त्वचेला हे पुरेशा प्रमाणात साधत नाही, असे उत्रेख्तच्या संशोधकांनी १९९४ साली दाखवले. त्यामुळे श्वानाला कितीही उन्हात फिरवले, तरी हे जीवनसत्त्व अन्नातूनच मिळावे लागते. याउलट ‘क’ जीवनसत्त्व त्याचे यकृत स्वतःच बनवते.

दुसरी बाब कॅल्शियमची. हेरमान हाझेविंकेल यांनी १९८५ साली ग्रेट डेन जातीच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात, अतिरिक्त कॅल्शियममुळे हाडांची वाढ बिघडते असे आढळले. कोवळ्या वयात आतड्यांना जादा कॅल्शियमचे शोषण पुरेसे रोखता येत नाही. म्हणून संपूर्ण आहार घेणाऱ्या पिल्लाला ‘हाडे मजबूत व्हावीत’ म्हणून वरून भुकटी देणे अपायकारक ठरू शकते. नुसते मांसही पुरेसे नाही. त्यात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम अत्यल्प असते.

याखेरीज श्वानाला दहा आवश्यक अमिनो आम्ले आणि लिनोलेइक आम्ल अन्नातूनच हवे असते. भात-पोळीतील पिष्ट त्याला पचते. परंतु त्यातून ऊर्जा मिळते, सर्व पोषण नव्हे. शाकाहारी घरांनी श्वानाचा आहार शाकाहारी ठेवायचा असल्यास तो पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच आखावा.

प्रमाणही महत्त्वाचे. १० किलो वजनाच्या प्रौढ श्वानाला दिवसाला साधारण ५३० ते ६२० किलोकॅलरी लागतात. खाऊचा वाटा त्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे नसावा, असा संकेत आहे. मध्यम आकाराची एक पोळी सुमारे १०० किलोकॅलरी देते. म्हणजे एकाच पोळीने ही मर्यादा ओलांडली जाते.

काही पदार्थ तर विषारीच आहेत. कांदा व लसूण रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात, शिऱ्यातील बेदाणे मूत्रपिंडांना इजा करू शकतात, तर बिनसाखरेच्या च्युइंगगममधील झायलिटॉल रक्तातील साखर धोकादायकरीत्या घटवते. डिसेंबरमधील सिंटरक्लासच्या सणात घरोघरी येणारी चॉकलेटची अक्षरेही श्वानाच्या आवाक्याबाहेर ठेवावीत.

डच दुकानातील पाकिटावर ‘व्होलेडिख’ असे लिहिलेले असल्यास तो संपूर्ण आहार असतो. ‘आनव्हुलंड’ म्हणजे केवळ पूरक. त्यावर श्वानाला जगवता येत नाही. त्याच लेबलावर वयोगट आणि वजनानुसार मात्राही दिलेली असते. खरेदीपूर्वी ही माहिती वाचावी, आणि घरचेच अन्न द्यायचे असल्यास पशुवैद्यकाकडून पाककृती तपासून घ्यावी.