बरगडी मोडली का, हा नंतरचा प्रश्न

स्कूटर घसरते, न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवरून पाय सटकतो, दहीहंडीचा थर कोसळतो आणि छातीवर मार बसतो. रक्त दिसत नाही, माणूस उठून बसतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘मुका मार आहे, आंबेहळदीचा लेप लावा’, तर दुसरं कुणी म्हणतं, ‘एक्स-रे काढू, बरगडी मोडली नसली म्हणजे सुटलो.’ दोघांचंही लक्ष हाडावर आहे, आणि नेमकी तिथंच गफलत होते. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये बरगडीची जवळपास निम्मी फ्रॅक्चर निसटू शकतात, कारण जागेवरून न हललेली बारीक चीर सहज दिसत नाही आणि बरगडीच्या पुढच्या टोकाची कूर्चा तर एक्स-रेत उमटतच नाही. शिवाय बरगडीला प्लास्टर घालत नाहीत. साधी चीर असो की नुसता मुका मार, दुखणं आटोक्यात ठेवायचं आणि खोल श्वास चालू ठेवायचा, हाच दोन्हींवरचा उपचार. मोडलेलं हाड साधारण सहा आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, आपलं आपण जुळतं. मग दवाखान्यात जायचं कशासाठी? बरगडीआड जे आहे, त्यासाठी. एक्स-रेचं मोलही तिथंच आहे: फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त साठलं आहे का, हे त्यात कळू शकतं.

बरगड्यांच्या बारा जोड्या आहेत आणि मार कुठं बसला यावर बरंच काही ठरतं. मधल्या बरगड्या सर्वांत जास्त मोडतात. त्यांच्या लगत फुप्फुस असतं. हाडाचं टोक आत घुसलं तर हवा बाहेर निसटते आणि फुप्फुस आक्रसतं. खालच्या बरगड्यांआड डावीकडे प्लीहा, उजवीकडे यकृत आणि पाठीमागे मूत्रपिंडं असतात. यात प्लीहेची दुखापत सर्वांत फसवी. रक्तस्राव पोटात होतो, बाहेर काहीच दिसत नाही, आणि श्वासपटलाला रक्त लागल्यामुळे कळ उठते ती डाव्या खांद्याच्या टोकाला. ‘पडताना खांदाही मुरगळला असेल’ असं म्हणून ती सोडून दिली जाते. कधी कधी हा रक्तस्राव काही दिवसांनी सुरू होतो. म्हणून मार बसल्यावर धाप लागली, ओठ निळसर झाले, थुंकीतून किंवा लघवीतून रक्त आलं, चक्कर येऊन अंगाला घाम सुटला, पोट दुखू लागलं किंवा छातीवरच्या कातडीखाली बोटांना करकर जाणवली, तर १०८ ला फोन करावा. श्वास घेताना बाकीची छाती फुगते आणि एक भाग उलटा आत ओढला जातो, असं दिसलं तर लगतच्या बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्याची शक्यता असते. तिथं क्षणभरही थांबू नये.

दुसरा धोका सावकाश येतो, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. श्वास घेताना दुखतं म्हणून माणूस अर्धाच श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. अमेरिकेतल्या सिॲटलमधला २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. बरगड्या मोडून रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी पासष्टीच्या पुढच्या २२ टक्के रुग्णांचा मृत्यू झाला, त्याहून कमी वयाच्या प्रौढांमध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. आणि वृद्धांमध्ये मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीगणिक मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी वाढत गेला. हे रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण होते, घरी सरकून पडलेले सगळे नव्हेत, हे मान्य. तरी आजीची बरगडी आणि नातवाची बरगडी एका मापानं मोजता येत नाही, हे यातून दिसतं. पासष्टीपुढचे, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, यांनी दुखणं ‘सहन होतंय’ म्हणून घरी थांबू नये. छातीला घट्ट पट्टा बांधण्याची जुनी पद्धत याच कारणानं मागे पडली: पट्ट्यानं आराम वाटतो, पण श्वास आणखी आखडतो. मालीश करून घेणं तर सरळ टाळावं.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक जण धावला तर सरकारी रुग्णालयातल्या रांगा आणखी लांबतील. बरोबर आहे, आणि प्रत्येकानं धावायची गरजही नाही. तरुण, धडधाकट माणूस एका दमात पूर्ण वाक्य बोलत असेल, खोल श्वास घेऊ शकत असेल आणि दुखणं एकाच जागी असेल, तर घरी राहणं रास्त आहे. दुसरा आक्षेप वेदनाशामक गोळ्यांचा. त्या किडनीला बाधतात ही भीती निराधार नाही. किडनीचा आजार किंवा पोटात अल्सर असेल तर गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पण इथं गोळी घ्यायची ती खोकता यावं म्हणून. ती टाळून श्वास आखडत राहिला, तर पुढचा आजार अधिक महागात पडतो. उशी छातीशी कवटाळून खोकलं की कळ कमी येते. जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास घ्यावेत. ताप आला, कफ पिवळा-हिरवा झाला किंवा कालच्यापेक्षा आज जास्त धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. आणि पडलं-झडलं काही नसताना, नुसत्या खोकल्यानं किंवा कूस बदलताना बरगडीत कळ उठून राहिली, तर ‘उसण भरली’ म्हणून गप्प बसू नये. हाडं ठिसूळ झाल्याची किंवा क्वचित कर्करोगाचीही ती पहिली खूण असू शकते.